धूरगडचा राक्षस

राक्षस लिहायला सगळ्यांत सोपा. देव लिहिणं अवघड, साधा भला माणूस लिहिणं त्याहून अवघड. पण राक्षसाचं तसं नाही. दोन डोळे लाल केले, अंग काळं केलं, आवाज घोगरा केला की निम्मं काम झालं. एकोणिसाव्या वर्षी मला हे झटकन जमलं आणि त्याचा मला गर्व चढला. तो कसा उतरला ते आता सांगून टाकते. उगाच पोटात ठेवून काय करायचं?

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. मिशननं मला वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत शिक्षिका म्हणून पाठवलं होतं. मी मूळची भोंगवलीची. आजोबांनी बाप्तिस्मा घेतलेला, वडील मिशनच्या शाळेत मास्तर, म्हणजे घरात खडू आणि पवित्र शास्त्र यांना तोटा नव्हता. आमच्याकडं मोकळं रान. डोंगर ही लांबून बघायची वस्तू. वाडीत मात्र दार उघडलं की डोंगर अंगावरच यायचा. शाळा एका शेतकऱ्याच्या पडवीत भरायची. अलीकडं बे एके बे, पलीकडं म्हशींचं रवंथ. पोरं बावीस, त्यांत मुली पाच. बहुतेक कुणब्यांची, चार-दोन वरच्या धनगरवाड्यातली. ख्रिस्ती घर एकच, आमचं. त्यात मी आणि सोबतीला आलेली माझी विधवा आत्या.

शास्त्राच्या तासासाठी मिशननं तीन फडकी दिली होती. काळं म्हणजे पाप, तांबडं म्हणजे प्रभूचं रक्त, पांढरं म्हणजे धुतलेलं मन. पहिल्यांदा काळं फडकं वर धरलं आणि "हे काय आहे, मुलांनो?" असं विचारलं, तेव्हा सगळी पोरं वळून एका मुलीच्या हातांकडं बघायला लागली. मुलगी दहा-अकरा वर्षांची, शाळेतली सगळ्यांत हुशार. वाडीत मावशीकडं राहायची. तिची नखं काळी होती, बोटांच्या पेरांत काळ्या रेघा होत्या. मला वाटलं, आंघोळीचा कंटाळा. मी तिला राख घेऊन ओढ्यावर पाठवलं. ती परत आली तेव्हा हात घासून घासून लालबुंद झाले होते आणि नखं तशीच काळी होती.

"उद्या नीट घासून ये," मी म्हटलं.

"व्हय बाई," ती म्हणाली आणि हात परकरात लपवून बसली. कुणी मला काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

शनिवारी अर्धी शाळा असायची आणि शेवटचा तास गोष्टीचा. शास्त्रातल्या गोष्टी संपल्यावर मी स्वतःच्या रचायला लागले. माझ्या वडिलांना हे पसंत नव्हतं. जे घडलंच नाही ते सांगणं म्हणजे खोटं बोलणं, असं त्यांचं मत. मी पत्रातून त्यांच्याशी हुज्जत घातली होती, की प्रभूनं तरी दाखले देताना रचलेल्या गोष्टीच सांगितल्या ना? उधळ्या मुलाच्या बापाचा पत्ता कुणी विचारला होता का? यावर वडिलांनी उत्तर दिलं नाही. मला वाटलं, मी जिंकले.

त्यातच एकदा वेल्ह्याच्या बाजारात मला एक माणूस दिसला. धिप्पाड, काळाकुट्ट, नुसता रंगानं काळा नाही तर वरून काळं चोळल्यासारखा. डोळे तांबडे लाल. पाठीवर भलं मोठं पोतं. तो खोकला तेव्हा माझ्या पुढ्यातल्या बाईनं आपलं लेकरू पदराखाली घेतलं. मी त्याच्याकडं दहा-बारा श्वास बघितलं असेल. तेवढ्यात माझी पुढची गोष्ट तयार झाली. तो कोण, कुठला, एवढं काळं त्याच्या अंगावर कशानं आलं, हे विचारावंसं सुद्धा वाटलं नाही. लिहिणाऱ्याला माणूस हवा असतो तो फक्त कातड्यापुरता.

गोष्ट अशी. धूरगड नावाचा एक डोंगर. त्यातून रात्रंदिवस धूर निघतो, कारण आत एक राक्षस राहतो. तो हिरवी झाडं गिळतो आणि त्यांचे काळे दगड करून टाकतो. ज्या गावावर त्याच्या धुराची सावली पडेल, त्या गावातली माणसं एकमेकांशी खोटं बोलायला लागतात. राक्षसाचे डोळे लाल, कारण तो कधी झोपत नाही. ज्याच्या मनात पाप त्याला झोप कुठली? डोंगराच्या पलीकडं एक धवल राजा आहे. तो एका गरीब मेंढपाळाच्या पोरीला एक दिवटी देतो. ती कधी विझत नाही. ती घेऊन पोरगी एकटी धूरगड चढायला निघते.

पोरं खुळावली. दर शनिवारी एक भाग. एरवी गुरं राखायचं कारण सांगून घरी राहणारी सुद्धा शनिवारी हजर. डोंगरावरचा धूर वाडीतून खरंच दिसायचा, आणि मी बोट दाखवून म्हणायची, "तो बघा!" पोरं अंगावर शहारे आणून हसायची. ती काळ्या नखांची मुलगी तेवढी हसायची नाही. पण गोष्ट तिला शब्दन् शब्द पाठ असायची. सोमवारी गैरहजर पोरांना गोष्ट सांगायचं काम तिचंच.

मी गोष्ट लिहून काढली आणि भोरला आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडं पाठवली. ते मनानं चांगले, थोडे बोलके, मुलांवर जीव असलेले. त्यांचं उत्तर आलं ते कौतुकानं भरलेलं. मुलांना दूध कोणतं आणि पाणी कोणतं हे निवडता आलं पाहिजे, तुझ्या गोष्टीतून ते येतं, असं त्यांनी लिहिलं. पुढं कळवलं होतं की या वर्षी भोरच्या वसतिगृहात आपल्या वाडीचं एक मूल घेता येईल. खर्च मिशनचा. ते लिहीत होते, मी स्वतः येऊन मुलं तपासतो. वाचन, गणित बघतो, आणि तुझ्या गोष्टीचा शेवटचा भाग माझ्यासमोर होऊ दे, म्हणजे मुलांना चांगल्या-वाइटाची समज किती आलीय ते त्यावरून विचारता येईल.

मला ती जागा त्या मुलीसाठी हवी होती. दुसरं कुणी माझ्या डोळ्यांपुढं नव्हतंच. वाडीत राहिली तर दोन वर्षांत तिचं लग्न झालं असतं आणि पाठ असलेल्या सगळ्या गोष्टी चुलीत गेल्या असत्या. मी तिच्या मावशीकडं परवानगी मागायला गेले.

"मला काय इचारता?" मावशी म्हणाली. "तिच्या बापाला इचारा. त्यो वर भट्टीवं असतो. आई न्हाई पोरीला. दर शनवारी साळा सुटली की भाकरी घिऊन तीच जाती वर."

रविवारची उपासना आटोपून मी चढायला लागले. दोन तास चढले असेन. झाडी विरळ झाली, धुराचा वास आला, आणि एका सपाटीवर मातीनं लिंपलेला झोपडीएवढा ढीग दिसला. त्याच्या कडेनं बारीक धूर निघत होता. ढिगावर वाकून एक धिप्पाड माणूस ओल्या मातीनं भेगा बुजवत होता. त्यानं वळून बघितलं. काळं अंग, तांबडे डोळे. बाजारातला तोच माणूस. शेजारी ती मुलगी, कोपरापर्यंत हात मातीत.

धूर काढणारा डोंगर, झाडांचे काळे दगड, लाल डोळे. मी गोष्ट रचली नव्हती, एका कोळसेवाल्याचं जगणं चोरलं होतं आणि त्याला शिंगं लावली होती. आणि त्याची लेक पाच महिने माझ्यासमोर मांडी घालून ती ऐकत होती. सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. नव्हतं ते फक्त मला, शहाणीला.

"बाई, तुमी? हितं कशाला तरास घेतला?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, आणि खोकत खोकत त्यानं मला बसायला घोंगडी टाकली. मुलीनं लोट्यातून पाणी दिलं. ती माझ्याकडं बघत नव्हती.

मी काहीतरी बोलायचं म्हणून भट्टीबद्दल विचारलं. त्यानं हौसेनं सांगितलं. लाकडं उभी रचायची, वर पाला, वर माती, आत विस्तव. मग आठ-दहा दिवस तिला नुसतं धुमसू द्यायचं, पेटू द्यायचं नाही. "भेग पडली आन् वारं आत शिरलं की संपलं बगा. समद्याची राख. ठेकेदार मग दारात उबा करत न्हाई. म्हनून डोळ्याला डोळा लावता येत न्हाई. ही शनवारी येती, रातभर तुमची गोष्ट सांगती, म्हनून तेवढी एक रात बरी जाती."

"आवडते तुम्हाला गोष्ट?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"लई. आन् त्यो राक्षस तर अगदी झ्याक केलाय तुमी. डोळ्यांम्होरं हुबा ऱ्हातो."

तो हसत होता. त्याला कळलं होतं की नव्हतं, ते मला त्या हसण्यावरून ठरवता येईना. मुलगी पाठ फिरवून माती कालवायला लागली होती. मी घाईघाईनं वसतिगृहाचं आणि परीक्षेचं बोलले. त्यानं ढिगाच्या एका भेगेवर मातीचा गोळा दाबला.

"तिला बाटवनार न्हाई ना?"

"प्रार्थनेला बसावं लागेल," मी खरं ते सांगितलं. "पण नाव आणि धर्म तुमचा आहे तोच राहील. तुम्ही सांगितल्याशिवाय कुणी काही करणार नाही."

"प्रार्थनेनं कुनाचं वाईट झालंय?" तो म्हणाला. "शिकू द्या तिला. ह्या धुरातनं भाईर काढा. म्या येतो परिक्षेच्या दिशी साळंत."

उतरताना मी मनात शंभर वेळा गोष्ट बदलली. राक्षस आजारी आहे असं करू, शापित राजपुत्र करू, निदान गोरा तरी करू! पण गोष्ट पाळकसाहेबांच्या हातात होती, शेवटासकट. तिच्यावरूनच ते परीक्षा घेणार होते. आयत्या वेळी शेवट बदलला तर ते कारण विचारणार, आणि कारण सांगायचं म्हणजे त्या बापाला सगळ्यांसमोर राक्षस म्हणायचं. असा मी स्वतःला समजावण्याचा सपाटा लावला. गोष्ट आपणच होऊन पाठवली, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्यानंतरच्या चार दिवसांत मी मुलीला एकटीला गाठून काही बोलायला हवं होतं. मी तिला जास्तीची गणितं घातली.

पाळकसाहेब तट्टावरून आले. आत्यानं पडवी शेणानं सारवून ठेवली होती, पोरं तेल लावून बसली होती. वाचनात आणि हिशेबात त्या मुलीनं सगळ्यांना मागं टाकलं. पाळकसाहेबांनी माझ्याकडं बघून मान डोलवली. मग मी गोष्टीचा शेवट सांगायला उभी राहिले.

त्याच वेळी तो आला आणि पायरीवर बसला. धुवट धोतर, धुवट फेटा. अंग इतकं घासलं होतं की गळ्यावर ओरखडे उठले होते. डोळे मात्र तसेच, ते कुठं धुता येतात?

मी गोष्ट सांगितली. जमिनीकडं बघत सांगितली. पोरगी दिवटी घेऊन धूरगडावर पोचते, उजेड राक्षसाच्या अंगावर पडतो, तो पेटतो आणि राख होऊन जातो, धूर निवळतो. पाळकसाहेबांनी टाळी वाजवली म्हणून पोरांनी वाजवली. एरवी शनिवारी ओरडणारी पोरं त्या दिवशी चोरून पायरीकडं बघत होती.

"छान!" पाळकसाहेब म्हणाले. "आता सांगा, या गोष्टीत वाईट कोण?" एकेक पोर उठून "राक्षस" म्हणून खाली बसलं. आवाज बारीक. मग त्यांनी त्या मुलीला उभं केलं. "तू सांग बाळ. वाईट कोण? आणि त्याचं काय व्हायला हवं?"

ती उभी राहिली आणि तिनं हात परकरात लपवले.

"गोष्ट ऐकलीस ना?"

"व्हय."

"मग? वाईट कोण?"

"ठावं न्हाई."

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांना राग आला नव्हता, खरंच वाईट वाटलं होतं. ते मला हळू आवाजात म्हणाले, "पाठांतर चांगलं आहे, पण हे एवढंही कळत नसेल तर..." आणि त्यांनी वहीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाच्या नावाकडं बघितलं.

मला सगळं ठाऊक होतं. एक वाक्य बोलले असते, "साहेब, चूक तिची नाही, माझी आहे," तर पुरलं असतं. मी गप्प बसले. बोलले असते तर बापाची शोभा झाली असती, हे कारण मी आजवर सांगत आले. आणखीही एक कारण होतं. पाळकसाहेबांच्या नजरेतून माझी गोष्ट उतरली असती, आणि ते मला नको होतं. दोन्ही कारणं खरी आहेत.

तेवढ्यात पायरीवरून घोगरा आवाज आला.

"सांग की पोरी. राक्षस वाईट."

तिनं मान हलवली, नाही म्हणून.

"आगं सांग. लई वाईट त्यो. म्या सांगतो न्हवं? राक्षस म्हन."

"दादा, परीक्षा तिची आहे, तुमची नाही," पाळकसाहेब हसून म्हणाले. बाकी कुणी हसलं नाही. म्हशीसुद्धा रवंथ करायच्या थांबल्या होत्या की काय, कोण जाणे. मला फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता, धुरानं भरलेला. मुलीनं बापाकडं बघितलं. त्यानं तिला हातानं खूण केली, ओझं उतरवताना करतात तशी, चल, टाक.

"राक्षस," ती म्हणाली.

"शाबास. आणि त्याचं काय व्हायला हवं?"

तिनं पुन्हा बापाकडं बघितलं. बापानं सावकाश मान डोलवली.

"मराया पायजे," ती म्हणाली. बोलताना ती फळ्याकडं बघत होती, आणि डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही. पाळकसाहेबांना वाटलं, पोर घाबरलीय. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि वहीत तिचं नाव लिहिलं.

गुड फ्रायडेच्या आधी मी मुलांना शिकवलं होतं की एकानं आपल्या लेकरांसाठी सगळा दोष स्वतःवर घेतला, वाईट नसून वाइटाच्या जागी जाऊन उभा राहिला. मला ते वाक्य तोंडपाठ होतं. ते करताना माणूस कसा दिसतो, हे मी त्या दिवशी बघितलं. ज्याला मी सैतानाचे डोळे दिले होते तोच पायरीवर बसून ते करत होता. गोष्टीतल्या चांगल्या-वाइटाची समज मी बावीस पोरांना शिकवायला निघाले होते, आणि पडवीत तेव्हा ती समज नसलेली एकटी मीच होते. वाईट जगात नाही असं मी म्हणत नाही. नंतरच्या आयुष्यात पुष्कळ बघितलं, आणि त्यातलं बरंचसं गोरंगोमटं, झोप पुरी झालेलं होतं.

पाळकसाहेब आत आत्याच्या हातचा चहा घेत होते. मी बाहेर आले. तो निघायच्या तयारीत होता, भट्टी भावाच्या भरवशावर सोडून आला होता.

"दादा, माझं चुकलं," मी म्हटलं. रडू आलं, आणि त्याचीही लाज वाटली.

"काय न्हाई बाई. गोष्ट चांगली हाय," तो म्हणाला. "वाइटाचं भ्या माणसाला असायाच पायजे." मग जरा थांबून, माझी समजूत काढावी तशा सुरात तो म्हणाला, "फकस्त त्या राक्षसाला येक लेक द्यायची हुती. म्हंजे दिवटीवाली पोर वर जायच्या आदी तिच्याकडं गेली असती. आन् तिला इचारलं असतं, बाई, तुजा बा कसा हाय?"

पाच महिने ती मुलगी माझ्यासमोर बसत होती. हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.